आईच्या थमेनीवर सोनं

मंडालेतल्या आमच्या वर्खाच्या आळीत सोनं ठोकतात पुरुष आणि कापतात बायका. ठोकणारे बाहेर छपराखाली, उघड्या अंगानं. आम्ही आत, दारं-खिडक्या लावून. पंखा लावायची सोय नाही, कारण वर्ख इतका हलका की कुणी शिंकलं तरी पाटावरून उडतो. त्या खोलीत मा सबे फ्यू माझ्या डाव्या हाताला बसायची. कोवळ्या वयात आली होती, आणि हे सगळं घडलं तेव्हा चौतिशी ओलांडलेली होती. अंगानं बारीक, बोलणं कमी. लग्न केलं नव्हतं. घरी आई डो खिन ओन, मोठा भाऊ को थुन वाय, त्याची बायको आणि मुलगी. आईला ती अमे म्हणायची, भावाला अको. आई आमच्याच खोलीत म्हातारी झाली होती आणि भाऊ आमच्याच छपरात घण मारायचा.

कारखान्याची मालकीण डो ला यिन. नवरा गेल्यावर दीर-भाऊबंदांशी भांडून तिनं धंदा हातात ठेवला होता. आम्ही सगळ्या तिला अदो म्हणायचो, म्हणजे आत्या. बाई खमकी. आमच्या हातचा वर्ख महामुनीच्या, म्हणजे मोठ्या देवळातल्या बुद्धाच्या, मूर्तीला जायचा, आणि तिथं तो लावायचे पुरुष. बायकांनी बाहेर बसायचं आणि टीव्हीच्या पडद्यावर बघायचं. मी जन्मापासून हे बघत आले. कधी वेगळं वाटलं नाही. सबेला वाटत होतं की नाही, तेही तिनं कधी सांगितलं नव्हतं.

थमेनीचंही तसंच. आम्ही बायका कमरेला जी लुंगी नेसतो, वर काळ्या कापडाची पट्टी लावलेली, ती थमेन. पुरुषाच्या अंगात भोन असतं, त्याचं पुण्याचं तेज. थमेनीखालून गेला की ते उतरतं म्हणतात. म्हणून पुरुषांचे कपडे पुढच्या अंगणात, उन्हात, उंच दोरीवर. आमच्या थमेनी मागच्या बोळात, कमरेएवढ्या दोरीवर. ऊन तिथं पोचत नाही. पावसाळ्यात तर त्या आठ-आठ दिवस दमट राहतात आणि आम्ही त्या तशाच नेसतो.

या बोळातच सबेला पहिल्यांदा कळलं. एका पहाटे ती उठली तर आई अंधारात, टमरेल घेऊन, थमेन घासत बसलेली. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली बाई. सबेनं विचारलं तर म्हणाली, पानाची पिंक सांडली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. मग चटईवर डाग. शेवटी एका दुपारी घरात कुणी नसताना आईनं तिला जवळ बसवलं आणि खालमानेनं सांगितलं की अंगावरून जातंय, थांबत नाही. सबे म्हणाली, दवाखान्यात जाऊ. आईनं तिचा हात धरला आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून बुद्धाची शपथ घातली.

"थुन वायला कळता कामा नये. मुलाच्या कानावर हे गेलं तर मी त्याला तोंड कसं दाखवू?"

वर्षावर चाललं. घरात सांगितलं होतं पित्ताचा त्रास आहे. थुन वाय बिचारा आईसाठी चिंचेचं सरबत आणायचा, शेकायला गरम पाण्याची बाटली भरून द्यायचा. एकदा ती पाण्याच्या रांजणापाशी कोसळली तेव्हा दवाखान्यात न्यावंच लागलं. गर्भाशयात गाठ होती, आणि ती गर्भाशयापुरती राहिली नव्हती. उन्हाळा लागायच्या आत डो खिन ओन गेली. तिच्या मुलाला सांगण्यात आलं ते एवढंच की पोटाचा आजार.

सातव्या दिवशी भिक्षूंना जेवण घातलं. मग आईची पेटी उघडली. अंगरखे, शाली कुणाकुणाला गेल्या. थमेनी कोण घेणार? वहिनी म्हणाली फरशी पुसायला होतील. सबे पुढे झाली, गठ्ठा उचलला आणि आपल्या उशाशी नेऊन ठेवला. त्यातल्या बऱ्याच थमेनींवर न गेलेले डाग होते, घासून घासून फिके पिवळट-तपकिरी झालेले.

सबे त्याआधीपासून रविवारी चित्रं शिकायला जायची. राजवाड्याच्या खंदकाजवळ साया ऊ पे थाउंग राहायचे. साया म्हणजे मास्तर. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, म्हातारपणी घरात पाच-सात जणांना शिकवायचे. सबे तिथं बैलगाड्या काढायची, धुक्यातला लाकडी पूल काढायची, आणि ती चित्रं पर्यटकांच्या दुकानात ठेवली जायची. आई गेल्यावर काही आठवडे ती गेलीच नाही. मग एका रविवारी काखोटीला आईची एक थमेन मारून गेली आणि म्हणाली, मला यावर काढायचंय.

साया चपापले. पुरुषच शेवटी. त्यांनी ते कापड हातात घेतलं नाही, तिलाच उलगडून दाखवायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले.

"बाई काढायचीय का तुला? तुझी आई?"

"बाई नको. बाई काढली की लोक अंग बघत बसतात. तिच्या अंगात काय चाललं होतं ते काढायचंय."

"ते कसं असतं?"

"तेच तर माहीत नाही," सबे म्हणाली.

पुढचं वर्षभर तिनं काय केलं ते मला ठाऊक नव्हतं. कामावर यायची, कापायची, जायची. नखांत काळं साचलेलं दिसायचं, लाखेच्या झाडाचा चीक असतो तसं. एकदा मी डबा द्यायला तिच्या घरामागच्या पडवीत गेले, तेव्हा पाहिलं. भिंतीला एकावर एक थमेनी टांगलेल्या. एकीवर डाग होता तसाच ठेवलेला आणि त्याची कड, फक्त कड, सोन्यानं भरलेली, एखाद्या बेटाच्या किनाऱ्यासारखी. दुसरीवर काळ्या चिकाच्या आडव्या रेघा, वर केसाएवढ्या बारीक आणि खाली येता येता बोटभर जाड. तिसरी विटेच्या भुकटीनं इतकी माखलेली की कापड आहे हे कळेना, आणि मध्येच नखानं खरवडल्यासारखा एक उभा पट्टा. कुठं माणूस नाही, हात नाही, पाय नाही. तरी ते बाईच्या अंगातलंच आहे हे मला कुणी सांगावं लागलं नाही. मी डबा खाली ठेवला.

मग त्या सोन्याकडे लक्ष गेलं आणि माझी पाचावर धारण बसली.

"सोनं कुठून आणलंस?"

"विकत घेतलं. आपल्याकडचं नाही, पलीकडच्या आळीतलं."

"अगं पण हे भगवंताचं सोनं. थमेनीवर?"

"वाहिल्यावर भगवंताचं. तोवर ते डबीत असतं." तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तेच सोनं वैद्य मात्रेत घालतात. श्रीमंतांच्या बायका तोंडाला फासतात. तेव्हा कुणी काही म्हणालं? आईनं जन्मभर ते कापलं, मा क्यू. एक वर्ख कधी लावायला मिळाला नाही तिला."

मी तिला म्हटलं, हे घरात ठेव, बाहेर काढू नकोस. ती डबा उघडून बघायला लागली. मला वाटलं ऐकलं.

डिसेंबरात सायांच्या विद्यार्थ्यांनी मिळून प्रदर्शन मांडायचं ठरवलं. तांदळाच्या एका गोदामावरची माडी भाड्यानं घेतली. रस्त्यावरून अरुंद लाकडी जिना चढला की माणूस थेट दालनात. साया सबेला म्हणाले होते, तुझी कापडं मागच्या भिंतीला लावू, खाली, म्हणजे कुणाला त्रास नको. सबेनं नकार दिला. खाली आणि मागं त्या पुष्कळ वर्षं लटकल्या, आता वर लावायच्या, असं म्हणाली. आणि तिनं त्या जिन्याच्या डोक्यावरच्या तुळईला टांगल्या, एकीमागे एक, अशा की आत येणाऱ्यानं त्यांच्याखालूनच यावं. टांगून झाल्यावर साया वर अडकले. दोरी हातात घेऊन उभे. म्हणाले, आता मी उतरू कसा, आणि हसले. पण पाऊल टाकेनात. शेवटी सबेनं बांबूनं सगळी कापडं एका बाजूला ओढून धरली आणि मग ते भिंतीला अंग घासत उतरले.

शनिवारी सकाळी उघडलं. कापायच्या खोलीतल्या आम्ही चार-पाच जणी सुट्टी टाकून गेलो. कॉलेजातल्या पोरी आल्या. काही पुरुष बिनधास्त आत आले, काही जिन्याच्या मध्यावर थांबून, वर बघून, मोबाइल आल्याचं सोंग करून परत फिरले. बायका मात्र तिथून हलत नव्हत्या. भाजी विकणारी एक म्हातारी डोक्यावरची पाटी खाली ठेवून त्या सोनेरी कडेकडे बघत राहिली आणि कुणाला उद्देशून नाही अशी म्हणाली, "किती घासलंय बिचारीनं." सबे खांबाला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते पुन्हा फार दिवस दिसलं नाही.

दुपारी कुणीतरी फोटो काढून फेसबुकवर टाकला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या आळीतल्या प्रत्येक चहाच्या दुकानात पोचला होता. बायकांच्या थमेनीवर भगवंताचं सोनं. कुणी म्हणे वापरलेल्या आहेत. कुणी म्हणे पुरुषांना मुद्दाम खालून जायला लावतात. त्या दिवसांत धर्माचा अपमान हे शब्द कुणाच्याही तोंडी होते, आणि त्या शब्दांपायी माणसं तुरुंगात गेलेली आम्ही ऐकली होती.

थुन वायला छपरात, घण हातात असताना कळलं. घरी येऊन त्यानं जेवणाचं ताट बाजूला सारलं. सबेनं नंतर मला सांगितलं त्यावरून, तो आधी रागावलाच नाही, विनवण्या केल्या. काढून टाक म्हणाला. घरात पोर आहे म्हणाला. ती नाही म्हणाली तेव्हा मात्र त्याचा तोल सुटला. असली घाण करायला तुला लाज वाटत नाही, कुणाची आहेत ती फडकी, असं ओरडला. सबेच्या ओठावर नाव आलं होतं. पण शपथ होती.

"माझी आहेत," ती म्हणाली.

रविवारी आम्ही माडी उघडली तेव्हा रस्ता रिकामा होता. तो रिकामेपणाच मला आवडला नाही. समोर मोहिंगा, माशाच्या रश्श्यातल्या शेवया, विकणाऱ्यानं गाडीच लावली नव्हती. सबे, कापडं बांबूनं बाजूला धरून वर घेतलेले साया, कॉलेजातल्या दोन पोरी आणि मी, एवढेच आत. दुपार चढायला लागली तशी खाली माणसं गोळा व्हायला लागली. आधी तिघे-चौघे, मोटारसायकलींवर बसून नुसते वर बघणारे. मग दहा-बारा. मग गल्ली भरली. पुढे को न्यी लिन होता. मोबाइलचं दुकान चालवायचा आणि वॉर्डातल्या उत्सवांच्या वर्गण्या गोळा करायचा. तसा वाईट नव्हता. पुरात आमच्या घरात गुडघाभर पाण्यातून भात घेऊन आलेला मुलगा. आज त्याच्या हातात भोंगा होता.

तो म्हणत होता, काढा, पाया पडून माफी मागा, आणि विषय संपला. कोपऱ्यावर दोन पोलीस होते. ते विड्या ओढत होते.

जिना उघडाच होता. त्यांना वर येऊन सगळं ओरबाडून नेता आलं असतं. पण कुणीच येईना. हळूहळू माझ्या ध्यानात आलं. वर यायचं तर थमेनीखालून यावं लागणार. ओढून काढायचं तर हात लावावा लागणार. एकजण लांब बांबू घेऊन आला, जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत चढला, आणि मागून कुणीतरी म्हणालं की ओढलंस तर तुझ्याच अंगावर पडेल. तो तसाच उतरला. कॉलेजातली एक पोर फिस्सकन हसली. खाली ते ऐकू गेलं, आणि पुढच्याच क्षणी खिडकीची काच फुटून दगड आमच्या पायाशी येऊन पडला.

मग रॉकेलचा वास आला. खरा आला की भीतीनं आला, आजही सांगता येणार नाही. गोदामाचा मालक खाली ओरडत होता की वर काय असेल ते असो, खाली माझा तांदूळ आहे. माडी सगळी लाकडाची. उतरायला जिना एकच.

साया उठले. "मी बोलतो त्यांच्याशी," म्हणाले आणि झपाझप उतरायला लागले, थेट, सगळ्या थमेनींखालून, डोकं न वाकवता. घाईत त्यांच्या लक्षातही आलं नसावं. खाली त्यांनी हात जोडले. कुणीतरी ढकललं. ते पायरीवर आपटले आणि चष्मा शोधत राहिले.

"त्याला पुढं करा," असा गलका झाला आणि गर्दीतून थुन वायला ढकलत आणलं. कारखान्यातलेच दोघे त्याच्या दंडाला धरून होते. को न्यी लिननं भोंगा खाली घेतला आणि त्याला म्हणाला की बहीण तुझी आहे, तूच काढ, म्हणजे बाहेरच्यांना काही करावं लागणार नाही. थुन वाय जिना चढला. वळणापाशी आला आणि वर बघितलं. त्याच्या अगदी समोर एक हिरवी थमेन होती, लाटांच्या नक्षीची. तो तिच्याकडे बघत राहिला. घण मारून मारून दगडासारखे झालेले त्याचे हात कठड्याला घट्ट धरून होते.

"सबे, काढ गं. जाळतील हे लोक."

"तू वर ये, अको. एकदा ये आणि बघ. मग मी माझ्या हातानं काढते."

तो कितीतरी वेळ तिथं उभा होता. त्यानं एक पाऊल वरच्या पायरीवर ठेवलं. मला वाटलं येतो. पण त्यानं मान हलवली. "मला नाही जमायचं," एवढंच म्हणाला आणि पाठ फिरवून उतरला. सबे फुटक्या काचा गोळा करायला खाली बसली.

तेवढ्यात गर्दीत हालचाल झाली. कुणीतरी डो ला यिनला आणायला गेलं होतं. बाईमाणूस, शिवाय मालकीण; दोघा बहीणभावांचं पोट तिच्या शब्दाला बांधलेलं. गर्दीनं वाट दिली. ती जिना चढू लागली, कठड्याला धरून, दर दोन पायऱ्यांना थांबत. मला नवल वाटलं. कारखान्यात ती पोत्यांवरून उड्या मारत जायची. वर आली तेव्हा चेहरा पांढराफटक होता, गालांवर थनाखाचा, उगाळलेल्या सालीचा, लेप असूनही.

"काय मांडलंयस हे?" ती म्हणाली, आणि मग वर बघून थांबली. "ही हिरवी मी दिली होती खिन ओनला. पाण्याच्या सणाला."

सबे उभी राहिली. "हो, अदो. सगळ्या अमेच्याच आहेत."

डो ला यिन एकेका कापडासमोर गेली. डागाच्या सोनेरी कडेपाशी ती फार वेळ थांबली. रेघांच्या थमेनीवर तिनं बोट ठेवलं, वरच्या बारीक रेघेवर, आणि ते सावकाश खाली आणलं, जाड रेघांपर्यंत. मग खुर्ची मागितली. बसली आणि मला म्हणाली पाणी दे. बाहेर भोंगा पुन्हा सुरू झाला होता.

"किती दिवस चाललं होतं तिचं?"

"वर्षावर."

"दुखायचं?"

"रात्री. चटईची कड दातांत धरायची."

डो ला यिननं पाणी प्यायलं नाही. पेला मांडीवर धरून राहिली. मग इतक्या हळू बोलली की मला आधी वाटलं ती काही पुटपुटतेय.

"मला दिव्यांच्या सणापासून जातंय."

पेला तिनं खाली ठेवला.

"पाळी कधीच गेलीय माझी. कुणाला सांगणार? कारखान्यात सगळे पुरुष. मुलगा यांगोनला, तोही पुरुष." तिनं वरच्या कापडाकडे हात केला. "मीही पहाटेच धुते."

पुन्हा एक दगड भिंतीवर आदळला. कॉलेजातली धाकटी पोर रडायला लागली. सबे मात्र डो ला यिनच्या पायाशी बसली होती आणि तिचे दोन्ही हात तिनं धरले होते.

"उद्या दवाखान्यात चला, अदो. मी येते बरोबर."

"आधी हे काढ. खाली ऐकतेस ना?"

"काढते. आत्ता काढते. पण तुम्ही उद्या चला. अमे नाही आली. तुम्ही तरी चला."

वर्षभर जिच्यासाठी ती हटून बसली होती, भावाला नाही म्हणाली होती, ती गोष्ट तिनं त्या खुर्चीपाशी एका क्षणात सोडली. मी तिच्या जागी असते तर मला घासाघीस करावीशी वाटली असती. तिला तसं काही सुचलंच नाही. डो ला यिननं मान हलवली. तेव्हा सबे स्टुलावर चढली आणि एकेक थमेन सोडवून खाली देऊ लागली. मी आणि त्या पोरींनी घड्या घातल्या, सोनं आतल्या बाजूला राहील अशा. गठ्ठा सबे उचलायला गेली, तर डो ला यिननं तो स्वतःच्या कवेत घेतला.

ती पुढे, आम्ही मागे. आम्ही खाली आलो तशी माणसं मागे सरली. दोन्ही बाजूंना भिंतीला चिकटली. कुणाचा धक्का लागू नये म्हणून छात्या आत ओढून उभी राहिली. को न्यी लिन मात्र समोर थांबला. त्याचा आवाज आता भोंग्यातून नव्हता.

"अदो, इथंच जाळून टाकू. म्हणजे मिटलं."

डो ला यिननं गठ्ठा त्याच्यापुढे केला.

"घे."

त्यानं हात मागे घेतले.

"घे ना. हात लाव." तिनं वाट पाहिली. मग आजूबाजूला बघितलं. "कुणी लावतंय?"

कुणी हललं नाही. तिनं गठ्ठा गल्लीच्या तोंडाशी उभ्या आपल्या गाडीत ठेवला, सबेला, मला आणि त्या दोन पोरींना आत बसवलं, सायांना त्यांचा चष्मा कुणीतरी आणून दिला होता, त्यांना पुढे बसवलं. गाडी निघाली तेव्हा मागे एकदोघांनी पत्र्यावर थापा मारल्या. थुन वाय मला खिडकीतून दिसला. चहाच्या दुकानाच्या पायरीवर, गुडघ्यांत डोकं घालून.

त्याच गाडीत, खंदक ओलांडायच्या आत, डो ला यिननं सबेला सांगितलं की उद्यापासून कामावर येऊ नकोस. तुला ठेवलं तर देवळात माझा वर्ख कोणी घेणार नाही, पन्नास माणसांची चूल आहे. हे सांगताना तिनं सबेकडे बघितलं नाही. मला संताप आला. सबे म्हणाली, कळलं. आणि मग म्हणाली, सकाळी काही न खाता निघा, तपासायचं असेल तर उपाशी जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच तिला घेऊन गेली. ज्या बाईनं आदल्या दिवशी तिची भाकरी काढून घेतली, तिच्या शेजारी बाकावर दिवसभर बसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा डो ला यिनच्या तोंडून शब्द फुटेना, तर सबेनं सांगितलं. गाठ होती. पण अजून गर्भाशयातच होती. महिन्याभरात ऑपरेशन झालं आणि बाई वाचली. आजही ती छपरात फिरून ठोकणाऱ्यांवर खेकसते.

बरी होऊन आल्यावर एके दिवशी ती आमच्या कापायच्या खोलीत आली, दार लावलं आणि पाटावर बसली. आम्हाला वाटलं वर्ख कमी भरला. तिनं विचारलं, कुणाला काही त्रास आहे का, अंगावरून जाण्याचा, खाजेचा, दुखण्याचा, कसलाही. मग कोपऱ्यातली एकजण बोलली. मग दुसरी. त्या दिवशी दुपारपर्यंत एक वर्ख कापला गेला नाही.

सबेवर तक्रार झाली होती. तिला तीन-चारदा पोलीस ठाण्यात बोलावून तासन्‌तास बसवलं, उलटसुलट विचारलं. ही चित्रं कशाची आहेत, असं एका अधिकाऱ्यानं विचारलं तर ती म्हणाली, आजाराची. त्यानं कागदावर तेच लिहिलं. पुढं काही झालं नाही. रस्त्यात मात्र लोक तिला बघून थुंकायचे आणि वहिनीनं तिला घरात ठेवायला नकार दिला. ती शेजारच्या अमरपुऱ्याला गेली, विणकरांकडे सूत रंगवायचं काम मिळालं, आणि त्यांच्याच माळ्यावर राहू लागली. चित्रं चालू होती. थमेनी आता बायका स्वतः आणून द्यायच्या, पिशवीत गुंडाळून, भाजीखाली लपवून. बसायच्या, सांगायच्या, जायच्या. पुढे यांगोनला एका छोट्या जागी तिची कापडं लागली. तिथं दंगा झाला नाही. फार लोकही आले नाहीत.

थुन वाय तिच्याशी दोन वर्षं बोलला नाही. तो आजही थमेनीखालून जात नाही, आणि कधी जाईल असं मला वाटत नाही. पण एका उपवासाच्या दिवशी तो सायकल मारत अमरपुऱ्याला गेला. सबे रंगाच्या हौदापाशी होती, कोपरापर्यंत निळी. तो बाजूच्या ओंडक्यावर बसला. सबेनं चहा दिला. लेकीच्या शाळेचं बोलला, खांदा दुखतो म्हणाला. चहा संपला तरी पेला फिरवत राहिला.

"ती हिरवी अमेची होती ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"जिन्यात ओळखली मी. तीच नेसून मला देवळात न्यायची." पेला त्यानं ओंडक्यावर ठेवला. "खूप दुखायचं का गं तिला? मी पलीकडच्याच खोलीत झोपायचो."

सबेनं हात पुसले आणि त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसली. आईनं घातलेली शपथ तिनं तोवर एकदाच मोडली होती, डो ला यिनपाशी. आता दुसऱ्यांदा मोडली. पहिल्या पहाटेपासून सगळं सांगितलं, चटईची कड, रांजण, दवाखाना, काही न वगळता. विणकर संध्याकाळी माग बंद करून घरी गेले तेव्हाही ती दोघं तिथंच बसलेली होती.